सोमलाची सुई आणि मुंबईचा खोकला

२०२० च्या उन्हाळ्यात, टाळेबंदीच्या दिवसांत, आमच्या मुक्ताईनगरात घरोघरी एक इवलीशी बाटली येऊन पोचली. आत साबुदाण्याहून बारीक, गोड, पांढऱ्या गोळ्या आणि वर चिठ्ठी : 'आर्सेनिक अल्बम ३०'. आयुष मंत्रालयाने जानेवारीअखेरीस तशी सूचना काढली होती आणि मग राज्यभर ज्याला त्याला त्या वाटायची घाई झाली. आमच्या गल्लीतल्या एका मावशींनी बाटली डोळ्यांजवळ धरली, उजेडात फिरवून पाहिली आणि मला विचारले, "आर्सेनिक म्हणजे सोमलच ना रे भाऊ? उंदराला घालतात तो?" मी हो म्हटले. त्यांनी बाटली देवळीत ठेवली ती ठेवलीच.

मावशींची शंका रास्त होती, भीती मात्र अनाठायी. त्या नावातला '३०' म्हणजे मूळ पदार्थ शंभरपट पातळ करायचा, आणि असे एकामागून एक तीस वेळा करायचे. शेवटी उरणारे प्रमाण लिहायला एकावर साठ शून्ये द्यावी लागतात. एवढ्या पातळ केलेल्या गोळीत आर्सेनिकचा एक अणूही असण्याची शक्यता नाही. म्हणजे मावशींनी ती गोळी खाल्ली असती तरी विषबाधा व्हायची नव्हती, आणि न खाल्ल्याने त्यांचे काही गेलेही नाही.

पण एक काळ असा होता, की खरेखुरे, भरपूर आर्सेनिक असलेले औषध डॉक्टर सुईने थेट शिरेत सोडत, आणि माणसे त्याने बरी होत. त्या औषधाच्या उतारवयात त्याला एक अनपेक्षित काम मिळाले, तेही मुंबईत. 'मला इसनोफिलिया आहे' हे वाक्य आज खानदेशातल्या निम्म्या घरांत ऐकू येते. त्या शब्दाची कुळकथा या सुईपाशी जाऊन पोचते.

आर्सेनिक हा शब्द आपल्याला परका वाटतो, पण वस्तू आपल्या चांगल्या ओळखीची आहे. पिवळा हरताळ, तांबडी मनशीळ आणि पांढरा सोमल ही तिन्ही आर्सेनिकचीच रूपे. पहिल्या दोघांत त्याची गाठ गंधकाशी पडलेली असते, सोमलात प्राणवायूशी. जुन्या काळी पोथी उतरवून घेताना लेखकाचा हात चुकला, तर त्या अक्षरांवर हरताळाचा लेप देत. कागदही पिवळट, लेपही पिवळा. चूक झाकली जाई आणि वरून नवे अक्षर काढता येई. 'नियमांना हरताळ फासला' असे आपण म्हणतो तो हाच. (बाजारपेठ बंद ठेवण्याचा हरताळ वेगळा, त्याचा या पिवळ्या दगडाशी संबंध नाही.) गंमत म्हणजे 'आर्सेनिक' या शब्दाचाही मूळ अर्थ हरताळच. फारसीत सोन्याला 'झर' म्हणतात, त्यावरून या सोनेरी दगडाचे नाव पडले, आणि ग्रीकांच्या तोंडी जाऊन त्याचे आर्सेनिक झाले.

विष म्हणून सोमलाची कीर्ती मोठी. पांढरा, बिनवासाचा, जवळपास बेचव. मराठी राजकारणात त्याने एकदा केवढी उलथापालथ घडवली! ९ नोव्हेंबर १८७४ रोजी बडोद्याचे ब्रिटिश रेसिडेंट कर्नल फेअर यांनी रोजच्यासारखा पपनसाच्या सरबताचा पेला तोंडाला लावला आणि दोनचार घोट घेऊन तो टाकून दिला. पेल्याच्या तळाशी राहिलेला गाळ तपासणीसाठी मुंबईच्या सरकारी रसायन परीक्षकाकडे गेला. त्यात सोमल आणि हिऱ्याची पूड असल्याचा निर्वाळा आला. संशय मल्हारराव गायकवाडांवर. चौकशीला सहा जणांचे मंडळ बसले. त्यातले तिघे इंग्रज म्हणाले दोषी. ग्वाल्हेर आणि जयपूरचे राजे आणि सर दिनकरराव या तिघा हिंदी सदस्यांना आरोप सिद्ध झाला असे वाटले नाही. तरी एप्रिल १८७५ मध्ये मल्हारराव पदच्युत झालेच, आणि मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा, शेतकऱ्याच्या घरातला गोपाळ नावाचा मुलगा दत्तक जाऊन सयाजीराव गायकवाड झाला. त्या पेल्यात सोमल कोणी टाकला यावर अजून वाद घालता येईल.

हेच विष औषध म्हणूनही चालत आले होते. १७९० साली कलकत्त्याच्या 'एशियाटिक रिसर्चेस'च्या दुसऱ्या खंडात दिल्लीच्या अतहर अली खान यांचा एक लेख छापून आला. पांढरा सोमल आणि काळी मिरी एकत्र खलून केलेल्या बारीक गोळ्यांची कृती त्यात होती. या गोळ्या पुढे युरोपात 'एशियाटिक पिल्स' म्हणून ओळखल्या गेल्या. लेखाच्या शीर्षकात 'एलिफंटायसिस' हा शब्द होता. त्या काळी त्याचा अर्थ कुष्ठरोग असा घेत. आज तोच शब्द आपण हत्तीरोगाला लावतो. ही नोंद मनात ठेवा, पुढे कामाला येईल. त्याच सुमारास, १७८६ मध्ये, इंग्लंडच्या स्टॅफर्ड गावात थॉमस फाउलर या डॉक्टरने सोमलाचे पातळ द्रावण हिवतापावर वापरून पाहिले. चुकून कोणी पाणी समजून पिऊ नये म्हणून त्यात लॅव्हेंडरचा अर्क घालून रंग आणि वास दिला. हे 'फाउलरचे द्रावण' पुढे दीडशे वर्षे हिवताप, दमा, कातडीचे विकार, अशा कशाकशावर थेंबाथेंबाने दिले जात होते. काही वेळा गुण येई. बऱ्याचदा रुग्णाच्या तळहातांवर घट्टे पडत आणि अंगाचा रंग काळवंडे.

आता जर्मनीत जाऊ. पॉल एर्लिख या माणसाला रंगांचे वेड होते. कापड रंगवायला निघालेले नवे कृत्रिम रंग तो रक्ताच्या थेंबावर टाकून पाही. कुठली पेशी कुठला रंग पकडते, याचा त्याला छंदच लागला. १८७९ मध्ये त्याला पांढऱ्या पेशींत एक वेगळी जात आढळली. इओसिन नावाचा तांबूस रंग दिला की हिच्या पोटातले दाणे लालभडक होत. त्याने तिला नाव दिले इओसिनोफिल, इओसिनची आवड असणारी. आपल्या 'इसनोफिलिया'तला इसनो तो हाच. म्हणजे रोगाचे अर्धे नाव एर्लिखने, त्या रोगाची गंधवार्ता नसताना, चौसष्ट वर्षे आधीच ठेवून दिले होते.

रंग जर एखादीच पेशी निवडून धरतो, तर रोगजंतूला निवडून मारणारे विष का बनवता येऊ नये, असा त्याचा पुढचा विचार. हातात होते अ‍ॅटॉक्सिल, आर्सेनिकचेच एक औषध. आफ्रिकेतल्या निद्रारोगावर ते चालत होते, पण मोठी किंमत घेऊन. रॉबर्ट कॉखने १९०६-०७ मध्ये व्हिक्टोरिया सरोवराकाठी मात्रा वाढवून पाहिली तेव्हा वीसहून अधिक रुग्ण कायमचे आंधळे झाले. एर्लिख आणि त्याचा रसायनतज्ज्ञ बेर्टहाइम यांनी अ‍ॅटॉक्सिलची खरी रचना शोधली आणि तिच्यात एकेक फेरफार करून शेकडो नवी संयुगे बनवली. त्यांतले ६०६ क्रमांकाचे १९०७ मध्येच तयार होते. एका सहायकाने ते तपासून 'निरुपयोगी' असा शेरा मारला आणि बाटली कपाटात गेली.

ती बाहेर काढली ती जपानहून आलेल्या साहाचिरो हाताने. हाताला सशांना सिफिलिस म्हणजे गरमीची लागण करून त्यांच्यावर औषध तपासायची हातोटी होती. १९०९ मध्ये त्याने एकेक जुनी बाटली पुन्हा तपासली आणि ६०६ चा गुण उघड झाला. एप्रिल १९१० मध्ये वीसबाडेनच्या वैद्यकीय परिषदेत ही बातमी जाहीर झाली आणि त्याच वर्षी हेक्स्ट कंपनीने 'साल्वर्सान' नावाने औषध बाजारात आणले. गरमीला आपल्याकडे 'भावप्रकाश' या आयुर्वेदाच्या ग्रंथात 'फिरंगरोग' म्हटले आहे, फिरंग्यांबरोबर आलेला. चारशे वर्षे त्यावर पाऱ्याची धुरी आणि रसकर्पूर हेच मुख्य उपाय होते. त्यांनी रोग गेला की दात गेले हे सांगणे कठीण असे. त्यामुळे ६०६ ची बातमी पसरली तेव्हा लोकांना वेड लागायचेच बाकी राहिले होते.

औषध मात्र हट्टी होते. काचेच्या बंद कुपीत पिवळी भुकटी. हवा लागली की बिघडणारी आणि बिघडली की जास्त विषारी होणारी. आयत्या वेळी ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवायची, कॉस्टिक सोडा थेंबथेंब घालून तिची आम्लता मारायची आणि मग बऱ्याच मोठ्या प्रमाणात शिरेत सोडायची. १९१० मध्ये साध्या डॉक्टरांना शिरेत सुई घालायची सवयच नव्हती. ती सवय जगाला लावण्यात या औषधाचा मोठा वाटा आहे. सुई शिरेबाहेर सरकली की दंडाचे मांस जळून निघे. कुणाला टोचता टोचताच चेहरा लाल होऊन गुदमरायला होई, कुणाला काही आठवड्यांनी कावीळ, कुणाची सबंध कातडी सोलून निघे. १९१२ मध्ये एर्लिखने ९१४ क्रमांकाचे निओसाल्वर्सान काढले. ते पाण्यात सहज विरघळे, म्हणून पुढची तीस वर्षे जगभर तेच चालले. त्याच्या भुकटीत साधारण पाचवा हिस्सा निव्वळ आर्सेनिक असे. एका वेळी अर्ध्या ग्रॅमच्या आसपास औषध, म्हणजे एक दशांश ग्रॅम आर्सेनिक. तेवढे आर्सेनिक सोमलाच्या रूपात पोटात गेले तर माणूस दगावू शकतो. कार्बनच्या सांगाड्यात बांधलेले असल्यामुळे ते रक्तात सावकाश सुटे होई, एवढाच काय तो फरक. मावशींच्या बाटलीशी याची तुलना करून पाहा.

ते मारते कसे? प्रत्येक पेशीचे काम विकरांवर चालते आणि अनेक विकरांच्या कामाच्या जागी गंधकाचे अणू असतात. हरताळात आर्सेनिक गंधकाला कसे बिलगून बसलेले असते ते आठवा. पेशीतही ते तेच करते. विकराचा गंधक धरला की विकर थांबतो आणि पेशी उपाशी मरते. जंतू माणसाच्या आधी मरावा, एवढीच डॉक्टरची प्रार्थना. दुसऱ्या महायुद्धात ऑक्सफर्डला रुडॉल्फ पीटर्स यांच्या चमूने आर्सेनिकच्या युद्धवायूवर उतारा शोधला, तोही गंधकाचेच आमिष दाखवणारा. आर्सेनिक विकराला सोडून त्या आमिषाला धरते आणि लघवीवाटे बाहेर जाते. हा उतारा मिळतो तो शेंगदाण्याच्या तेलात घोळलेला, स्नायूत टोचायचा आणि भयंकर दुखणारा. भुईमुगाच्या मुलखात राहून मला ही गोष्ट बऱ्याच उशिरा कळली.

आपल्याकडे गरमीबद्दल उघडपणे लिहिणारे फार थोडे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 'गुप्तरोगापासून बचाव' हे पुस्तक लिहिले तेव्हा शिष्ट समाजाने नाके मुरडली. ज्या रोगाचे नाव घ्यायचे नाही त्याचे औषधही चोरून घ्यायचे, असा तो काळ. रोग घरात येई नवऱ्याच्या पावलाने, आणि बोल लागे बायकोला.

लंडनमध्ये साल्वर्सान टोचणाऱ्या पहिल्या मोजक्या डॉक्टरांत एक तरुण स्कॉटिश होता. एर्लिखने त्याच्या वरिष्ठांना नमुने दिले होते. हा शिरेत सुई घालण्यात इतका पटाईत झाला, की त्याच्या पलटणीतल्या मित्राने त्याचे व्यंगचित्र काढले आणि नाव दिले 'प्रायव्हेट ६०६'. त्याचे खरे नाव अलेक्झांडर फ्लेमिंग. याच फ्लेमिंगला १९२८ मध्ये पेनिसिलिन सापडले. १९४३ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन बेटावर जॉन माहोनी यांनी चार सिफिलिसच्या रुग्णांना पेनिसिलिन दिले, चौघांनाही गुण आला, आणि आर्सेनिकच्या सुईचे मुख्य काम संपले. आपल्याकडेही १९५५ पासून पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये पेनिसिलिन बनू लागले आणि सुईचा उरलासुरला दरारा ओसरला.

नेमके त्याच १९४३ साली, जानेवारीत, 'लॅन्सेट' या इंग्लिश वैद्यकीय साप्ताहिकात मुंबईहून गेलेला एक लेख छापून आला. लेखक आर. जे. वाइनगार्टन.

वाइनगार्टन यांच्याकडे एका विचित्र खोकल्याचे रोगी येत होते. बहुतेक तरुण पुरुष, बरेचसे पश्चिम किनारपट्टीवरचे. दिवसा बरे असत. रात्री, विशेषतः मध्यरात्रीनंतर, खोकल्याची उबळ येई ती थांबत नसे. छातीत शिट्ट्या वाजत, दम लागे. बारीक ताप, वजन घटत चाललेले. क्ष-किरणाच्या फोटोत दोन्ही फुफ्फुसांवर बाजरीचे दाणे सांडल्यासारखे ठिपके. त्या काळात असा फोटो पाहिला की कोणत्याही डॉक्टरच्या तोंडून एकच शब्द निघे : क्षय. पण थुंकीत क्षयाचे जंतू मिळत नसत. मिळे ते रक्तात. इओसिनोफिल पेशी एरवी पांढऱ्या पेशींत शंभरात फार तर पाचसहा असतात. इथे त्या निम्म्याहून जास्त, कधी त्याच्याही पलीकडे. आंध्रातल्या मदनपल्लीच्या क्षयरोग आरोग्यधामात फ्रिमॉट-म्योलर आणि बार्टन यांना १९४० मध्येच अशी माणसे आढळली होती. क्षयाचे समजून दाखल केलेली, पण क्षय नसलेली. अशी किती माणसे त्या काळी क्षयरोग्यांच्या शेजारच्या खाटेवर महिनोन् महिने निजून राहिली असतील, त्याचा विचार केला की अंगावर काटा येतो. क्षय नव्हता त्यांना तिथे क्षय मिळण्याचीच शक्यता जास्त.

वाइनगार्टन यांनी ८१ रोगी पाहिले आणि या विकाराला नाव दिले 'ट्रॉपिकल इओसिनोफिलिया'. आणि औषधही सांगितले. ते औषध सापडले अपघाताने. अशाच एका खोकल्याच्या रोग्याला सिफिलिसही होता. सिफिलिससाठी त्याला रिवाजाप्रमाणे निओसाल्वर्सानच्या सुया सुरू झाल्या, आणि त्याचा रात्रीचा खोकला थांबला! रक्त तपासले तर इओसिनोफिल खाली आलेले. मग सिफिलिस नसलेल्या रोग्यांनाही तीच सुई देऊन पाहिली आणि तीच गोष्ट पुन्हा घडली.

एर्लिखने नाव दिलेली पेशी, तिच्या नावाचा रोग, आणि त्यावर एर्लिखचेच औषध. तो १९१५ मध्येच वारला होता. मुंबईत आपल्या आयुष्यभराच्या दोन छंदांची अशी गाठ पडेल हे त्याला कोणी सांगितले असते तर त्याने तोंडातली सिगार काढून हसून घेतले असते.

पण खरी मेख पुढे आहे. सुईने रोग बरा होतो हे कळले. तो रोग कशाने होतो हे कोणालाच ठाऊक नव्हते. शोध सुरू झाला. सिलोनमध्ये १९४४ साली काही डॉक्टरांना अशा रोग्यांच्या थुंकीत किडेसदृश बारीक माइट सापडले आणि बराच काळ सगळे माइटच्या मागे लागले. कोणी म्हणे ही अ‍ॅलर्जी, कोणी म्हणे हा दम्याचाच प्रकार. दरम्यान आर्सेनिक चालूच होते. निओसाल्वर्सान मागे पडून अ‍ॅसिटिलार्सानच्या सुया आणि कार्बार्सोनच्या गोळ्या आल्या. गुण येत होता आणि त्याबरोबर कुणाकुणाच्या कातडीला, यकृताला बाध येत होती.

माझ्या मते उत्तर सुईतच होते. आर्सेनिक लागू पडते म्हणजे शरीरात काहीतरी जिवंत, परके बसलेले आहे जे आर्सेनिकने मरते, असा विचार करायला हवा होता. साध्या अ‍ॅलर्जीत आर्सेनिक इतके नेमके काम कशाला करील? अर्थात हे आज म्हणणे सोपे. आर्सेनिकचा बाण सिफिलिसच्या जंतूलाही लागे, निद्रारोगाच्याही, आमांशाच्या अमिबालाही. एवढ्या सगळ्यांना लागणारा बाण कोणाकडे बोट दाखवतो हे ओळखायचे कसे? आणि शिवाय एक सुगावा आधीच पडलेला होता. १९३९ मध्ये डच ईस्ट इंडीजमध्ये मेयर्स आणि कोवेनार यांना अशाच भरमसाठ इओसिनोफिल असलेल्या रोग्यांच्या लसिकाग्रंथींत हत्तीरोगाच्या कृमींची पिल्ले आढळली होती. तो कागद मुंबईच्या टेबलावरच्या कागदाला कोणी जोडला नाही.

जोड दिली ती दुसऱ्या एका औषधाने. १९४७ मध्ये अमेरिकेच्या लेडर्ले प्रयोगशाळेतून हत्तीरोगावरची गोळी निघाली, डायइथिलकार्बामाझिन. व्यापारी नाव हेट्राझान. ती आर्सेनिकशी काडीचाही संबंध नसलेली आणि मुख्यतः हत्तीरोगाच्या कृमींवर चालणारी. १९५५ मध्ये गणात्रा आणि लुइस यांनी ती इओसिनोफिलियाच्या रोग्यांना देऊन पाहिली आणि खोकला थांबला. आता बाणाचे टोक एकाच दिशेला होते. पुढे सिंगापूरच्या दानराज यांनीही तेच दाखवले. १९६० मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या वेब, जॉब आणि गॉल्ट यांनी अशा रोग्यांच्या फुफ्फुसाचे, यकृताचे आणि लसिकाग्रंथींचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली धरले. त्यांत हत्तीरोगाच्या कृमींची पिल्ले मरून पडलेली, भोवती इओसिनोफिलांचा घोळका. मुंबईची सुई १९४३ पासून ज्याकडे बोट दाखवत होती तो आरोपी सतरा वर्षांनी सापडला.

इतका वेळ तो सापडला का नाही, याचे कारण मोठे मजेचे आहे. हत्तीरोगाचा डास म्हणजे क्यूलेक्स, गटारीच्या घाण पाण्यात वाढणारा. तो चावतो तेव्हा कृमी शरीरात येतात, लसिकावाहिन्यांत घर करतात आणि त्यांची पिल्ले रात्री रक्तात फिरायला निघतात, कारण क्यूलेक्सही रात्रीच चावतो. म्हणून तर हत्तीरोगाची रक्ततपासणी रात्री करावी लागते. पण काही मोजक्या माणसांचे शरीर या पिल्लांच्या बाबतीत फार तापट असते. पिल्लू फुफ्फुसाच्या केशवाहिनीत पोचले की इओसिनोफिलांची फौज तिथेच त्याला ठार करते. रात्री रक्त काढा की दिवसा, पिल्लू काही दिसायचे नाही. रोगी खोकतो आहे तो स्वतःच्याच सैन्याच्या लढाईमुळे. त्याचे पाय सहसा सुजत नाहीत, म्हणून हत्तीरोग कोणाच्या डोक्यातही येत नाही.

आणि १७९० च्या त्या लेखाकडे एकदा मागे वळून पाहा. सोमल-मिरीच्या गोळ्या 'एलिफंटायसिस'वर, म्हणजे लेखकाच्या मते कुष्ठावर. दीडशे वर्षांनी आर्सेनिक खऱ्या हत्तीरोगाच्या कृमींवर चालते हे निघाले. निव्वळ शब्दाचा योगायोग, पण मला तो सोडवत नाही.

साल्वर्सानच्या रेणूचा आकार कसा, हे मात्र ते वापरातून गेल्यावरही कोणाला नीट ठाऊक नव्हते. दोन आर्सेनिक अणू दुहेरी बंधाने जोडलेले, असे पाठ्यपुस्तकांत कितीएक वर्षे छापले जात होते. २००५ मध्ये न्यूझीलंडच्या वायकाटो विद्यापीठातल्या रसायनतज्ज्ञांनी दाखवून दिले, की कुपीत तीन-तीन आणि पाच-पाच आर्सेनिक अणूंची कडी होती.

आर्सेनिक दवाखान्यातून सबंध गेले असे मात्र नाही. निद्रारोगाच्या शेवटच्या टप्प्यासाठी फ्रीडहाइमने १९४९ मध्ये काढलेले मेलार्सोप्रॉल कालपरवापर्यंत आफ्रिकेत चालू होते. ते देताना दर शंभरातले पाच-दहा रुग्ण मेंदूच्या सुजेने गंभीर होत. आणि साधा सोमल, होय, मावशींचा उंदराचा सोमल, शुद्ध करून शिरेतून दिला तर एका प्रकारच्या तीव्र रक्तकर्करोगावर अप्रतिम चालतो, हे चीनच्या हार्बिनमधल्या डॉक्टरांनी दाखवले. अमेरिकेने २००० मध्ये त्याला मान्यता दिली. वेल्लोरला त्याआधीच, १९९८ पासून, केवळ त्याच्यावर रुग्ण बरे करायला सुरुवात झाली होती. कुत्र्यांच्या हृदयात होणारी कृमी, हत्तीरोगाच्या कृमीची चुलत बहीण, मारायला पशुवैद्य आजही आर्सेनिकचेच औषध टोचतात.

आता राहिला आपला 'इसनोफिलिया'. पावसाळा लागला की शिंका आणि सर्दी, केळीच्या बागेत पाणी द्यायला पहाटे गेले की नाक चोंदणे, कापूस वेचताना घसा खवखवणे, या सगळ्याला मुक्ताईनगरात एकच नाव आहे. त्यातले बहुतेक वाइनगार्टनचे इओसिनोफिलिया नसतात. ती साधी अ‍ॅलर्जी असते, इओसिनोफिल थोडेफार वाढलेले. खऱ्या विकारात ते दर घनमिलिमीटर रक्तात तीन हजारांच्या वर जातात, आणि खोकला रात्रीच जागवतो. अशा वेळी स्वतःच्या मनाने 'बॅनोसाइड', म्हणजे डायइथिलकार्बामाझिनच्याच गोळ्या, आणून खाण्यापेक्षा डॉक्टरांकडून रक्त मोजून घेतलेले बरे. तीन आठवड्यांचा नीट औषधोपचार बहुतेकांना बरे करतो. तो अर्धवट सोडला तर फुफ्फुसे कायमची आखडू शकतात.

राज्यातल्या हत्तीरोगाच्या जिल्ह्यांत जळगावचे नाव आहे, नंदुरबारचेही. डायइथिलकार्बामाझिनच्या, म्हणजे डीईसीच्या, गोळ्या आशाताई घेऊन दारोदार येतात, तेव्हा मी पाहिले आहे की आपण त्या हातात घेतो, 'जेवल्यावर खातो' म्हणतो, आणि त्या देवळीत जातात. जिथे मावशींची बाटली गेली तिथेच. बाटलीचे एक वेळ सोडा, तिच्यात काहीच नव्हते. या गोळीत आहे, आणि तिच्याआधी याच कामासाठी माणसांना शिरेतून आर्सेनिक घ्यावे लागत होते. गरोदर बाई, दोन वर्षांखालचे मूल किंवा फार आजारी माणूस असेल तर आशाताईंना तसे सांगा. बाकीच्यांनी पोटात काहीतरी घालून, तांब्याभर पाणी घेऊन, त्यांच्या समोरच गोळी गिळावी.